मुंबई ते न्यूयॉर्क किती तास? अंतर आणि वेळ सांगणाऱ्या साधनांची पारख

‘मुंबई ते न्यूयॉर्क’ असं शोधलं की क्षणात दोन आकडे समोर येतात: किलोमीटर आणि तास. किलोमीटरचा आकडा बहुतेक ठिकाणी बरोबर असतो. तासांचा आकडा कुठून आला हे कळल्याशिवाय त्यावर तिकीट काढू नये, आणि विमानतळावर न्यायला येणाऱ्याला तर मुळीच कळवू नये. इथे पारखलेली साधनं पाच आहेत: ट्रॅव्हलमॅथ, ग्रेट सर्कल मॅपर, गूगल फ्लाइट्स, फ्लाइटरडार२४ आणि फ्लाइटअवेअर. नेहमीच्या कामापुरती पाचही फुकट चालतात. कसोटीसाठी मुख्य मार्ग मुंबई–न्यूयॉर्क घेतला आहे, कारण सगळ्यांचं पितळ तिथेच उघडं पडतं. जोडीला नैरोबी, कारण तिथे जवळजवळ सगळेच पास होतात.

आधी ट्रॅव्हलमॅथ, म्हणजे अंतरावरून प्रवासाचा वेळ काढून देणारी साइट. आपला हिशेब ते लपवत नाही, हा त्याचा मोठा गुण. सरासरी वेग ताशी ५०० मैल, म्हणजे ८०५ किमी. उड्डाण आणि उतरणं यांचे मिळून सरसकट ३० मिनिटं. बस्स, एवढंच सूत्र. छत्रपती शिवाजी महाराज विमानतळापासून न्यूयॉर्कच्या जेएफकेपर्यंतचं सर्वांत कमी अंतर साधारण १२,५५० किमी आहे. त्याला ८०५ ने भागा, अर्धा तास मिळवा: १६ तास ५ मिनिटं. थेट विमानाचं मुंबईहून जातानाचं वेळापत्रकही सोळा तासांच्या आगेमागेच असतं. म्हणजे साधन उत्तम, असं वाटतं.

पण हे जुळणं निव्वळ योगायोगाचं आहे. बोइंग ७७७ सारखं विमान ३५,००० फुटांवर माक ०.८४ ने, म्हणजे ध्वनीच्या ८४ टक्के वेगाने जातं. वारा नसेल तर हा वेग ताशी ९०० किमीच्या जवळ भरतो. त्या वेगाने १२,५५० किमी चौदा तासांत संपायला हवेत, चढण्या-उतरण्याचं धरून साडेचौदा. वरचा दीड तास समोरून येणाऱ्या वाऱ्यात आणि वळशात जातो. कॅलक्युलेटरला वारा माहीत नाही आणि वळसाही माहीत नाही. त्याने फक्त वेग कमी धरला आहे. दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि उत्तर बरोबर दिसतं. परतीचा प्रवास टाकून पाहिला की बिंग फुटतं. उत्तर तेच, १६ तास ५ मिनिटं. प्रत्यक्षात मध्य अक्षांशांवरचे वरच्या थरातले वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे न्यूयॉर्कहून मुंबईला येणारं विमान जाणाऱ्यापेक्षा तास-दीड तास लवकर पोचतं. जे साधन जाण्याचा आणि येण्याचा वेळ सारखाच सांगतं, त्याने वाऱ्याकडे पाहिलेलंच नाही. इतकी साधी परीक्षा पुरते, आणि ती कुठल्याही साइटला लावता येते.

नैरोबीला मात्र हेच सूत्र शोभतं. अंतर सुमारे ४,५३० किमी, सूत्राने ६ तास ८ मिनिटं, आणि वेळापत्रकही सहा तासांच्या आसपासचं. मार्ग जवळजवळ पूर्ण अरबी समुद्रावरून जातो आणि सोमालियाचा किनारा ओलांडून केनियात शिरतो. मध्ये मोठा वळसा घ्यावा लागेल असं फारसं काही नाही. विषुववृत्ताजवळ वरचे वारेही त्या मानाने मवाळ. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा समोरून येणार म्हणून जाताना जास्त वेळ लागेल, असा एक समज आहे. तो जोरदार वारा जमिनीपासून जेमतेम दीड किलोमीटर उंचीवर असतो. विमान त्याच्या पार वर, दहा-बारा किलोमीटरवर असतं, आणि जुलै-ऑगस्टमध्ये त्या उंचीवर वारा उलट पूर्वेकडून असतो. मुंबई सोडतानाचे हादरे पावसाळ्याच्या ढगांचे. वेळेचा त्यांच्याशी संबंध नाही.

तर ट्रॅव्हलमॅथ: चार-पाच हजार किलोमीटरपर्यंत खुशाल वापरा. त्यापुढे नुसता अदमास समजा.

ग्रेट सर्कल मॅपर हे या सगळ्यांत जुनाट दिसणारं आणि सर्वांत कामाचं साधन. दिसायला विसाव्या शतकातलं वाटतं, जाहिरातींचा भडिमार नाही, आणि पृथ्वी नेमकी गोल न धरता ध्रुवांपाशी किंचित चपटी धरून अंतर काढतं. वापरायची पद्धत अशी: विमानतळांची तीन अक्षरी चिन्हं मध्ये आडवी रेघ देऊन लिहायची, बीओएम–जेएफके (बीओएम म्हणजे मुंबई). थांबा असेल तर तिसरं चिन्ह मध्ये घालायचं, बीओएम–एलएचआर–जेएफके (एलएचआर म्हणजे लंडनचं हीथ्रो). दोन मार्ग शेजारी शेजारी पाहायचे असतील तर स्वल्पविराम. उत्तर पहिल्यांदा मैलांत येतं, किलोमीटरसाठी एकक बदलावं लागतं. इथे पुष्कळ जण फसतात, कारण मैल दोन प्रकारचे: जमिनीवरचा १.६०९ किमीचा आणि सागरी १.८५२ किमीचा. मुंबई–न्यूयॉर्क जमिनीच्या मैलांत साधारण ७,८०० भरतं, सागरी मैलांत ६,७७५. वैमानिक आणि विमान कंपन्यांची उड्डाण-योजना सागरी मैलांत बोलते, तर प्रवासी साइट्स बहुधा जमिनीच्या मैलांत. दोन ठिकाणचे आकडे हजार मैलांनी वेगळे दिसले तर आधी एकक तपासा. भांडण तिथेच मिटतं.

या साधनाची खरी करामत नकाशात आहे. शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशावर मुंबईहून न्यूयॉर्कला पट्टी लावली तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिकच्या मध्यातून जाते. गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग तसा नाही. मुंबईहून निघताना तो जवळपास वायव्येलाही नाही, त्याहून बराच उत्तरेकडे झुकतो. पाकिस्तान, अफगाणिस्तान, मध्य आशिया, रशिया, स्कँडिनेव्हिया असा चढत सुमारे ६५ अंश उत्तरेपर्यंत पोचतो, आइसलँडच्या दक्षिण भागावरून आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून कॅनडात उतरतो. महासागर ओलांडतो तो उत्तरेच्या अरुंद भागात. सॅन फ्रान्सिस्कोचा आणखी अजब: सुमारे १३,५०० किमी, आणि वाट ७७ अंश उत्तरेच्या जवळ जाते. तिथे अटलांटिक की पॅसिफिक, हा वादच संपतो. शेवटचा टप्पा सोडला तर बहुतेक वाट जमिनीवरून आणि आर्क्टिकवरून.

आता थांब्यांची बेरीज करून पाहा, कारण एजंटकडे सगळ्यांत जास्त गैरसमज इथे विकले जातात. मुंबई–लंडन सुमारे ७,२१० किमी, लंडन–न्यूयॉर्क सुमारे ५,५५० किमी, मिळून १२,७६०. थेट मार्गापेक्षा फक्त दोनशेच्या आसपास किलोमीटर जास्त, म्हणजे हवेत पंधरा मिनिटं. दुबईमार्गे १,९२५ अधिक ११,०२०, म्हणजे १२,९४५. जादा चारशे किलोमीटर, अर्ध्या तासाची बात. ‘वाकडी वाट पडते’ म्हणून थांब्याचं तिकीट नाकारायचं कारण नाही. वेळ जातो तो थांब्यात, शिवाय दोनदा चढण्या-उतरण्यात आणि दोनदा जमिनीवर रांगेत. दीड तासाचा थांबा आणि पाच तासांचा थांबा यांतला फरक कुठल्याही मार्गाच्या किलोमीटरच्या फरकापेक्षा मोठा असतो. गुडघे धरणाऱ्या ज्येष्ठांना तर मध्ये दोन-अडीच तास चालायला मिळणं सलग सोळा तासांच्या बसण्यापेक्षा बरं पडू शकतं. मात्र व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवावी, आणि मधल्या विमानतळावर टर्मिनल बदलायचं असेल तर दोन तासांखालचा थांबा घेऊ नये.

ग्रेट सर्कल मॅपरची उणीव एकच, पण मोठी. आकाशात कुठे दार बंद आहे हे त्याला माहीत नसतं. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमान कंपन्यांना बंद केली आणि ती मुदत पुन्हा पुन्हा वाढवत नेली. भारतानेही तेच केलं. त्यामुळे नकाशावरची रेघ पहिल्या तासाभरातच निकामी होते. भारतीय कंपनीचं विमान मुंबईहून आधी समुद्रावरून पश्चिमेला जातं आणि मग उत्तरेकडे वळतं. मुंबईला समुद्र शेजारीच असल्याने हा फटका दिल्लीपेक्षा कमी बसतो. रशियाचं उलटं आहे: २०२२ पासून युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना तिथून जाता येत नाही, भारतीय कंपन्यांना तशी बंदी नाही. म्हणजे त्याच दोन शहरांमध्ये कोणत्या देशाची कंपनी आहे यावर वाट बदलते, आणि वाटेबरोबर वेळही. सॅन फ्रान्सिस्कोच्या मार्गावर आणखी एक अडचण, तिबेटचं पठार. केबिनमधला दाब गेला तर विमानाला पटकन दहा हजार फुटांपर्यंत खाली यावं लागतं, कारण डोक्यावरून खाली पडणाऱ्या मास्कमधला ऑक्सिजन काही मिनिटांचाच असतो. खाली जमीनच पंधरा हजार फुटांवर असेल तर उतरायचं कुठे? म्हणून कंपन्या तो भाग सहसा टाळतात. कॅलक्युलेटर बिनधास्त तिथूनच रेघ ओढतो.

नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून ‘मुंबई’ म्हणजे कोणतं, हाही प्रश्न आला आहे. त्याचं चिन्ह एनएमआय. दोन्ही विमानतळांमध्ये सरळ रेषेत साधारण २५ किमी, तेव्हा न्यूयॉर्कच्या अंतरात तो फरक शोधूनही सापडणार नाही. टॅक्सीच्या बिलात मात्र लगेच सापडेल. शहराचं नाव टाकून शोधलं असेल तर पैसे भरण्याआधी चिन्ह वाचा, विशेषतः देशातल्या विमानाने येऊन पुढचं आंतरराष्ट्रीय विमान पकडायचं असेल तेव्हा.

गूगल फ्लाइट्स सूत्राने वेळ काढत नाही. तिथे दिसतो तो कंपनीने जाहीर केलेला वेळ, ज्याला या धंद्यात ब्लॉक टाइम म्हणतात: गेटवरून विमान हललं तिथपासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंत. त्यात मुंबईतलं धावपट्टीपर्यंतचं रांगणं आलं, जेएफकेची गर्दी आली, आणि उशिराची सोय म्हणून कंपनीने घातलेली चार-दहा मिनिटंही आली. मुंबईला ती घालावीच लागतात. सांताक्रूझच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे चालवता येत नाहीत. सगळा भार व्यवहारात एकीवर. शिवाय पावसाळ्याआधी आणि नंतर एकेक दिवस सकाळी ११ ते संध्याकाळी ५ दुरुस्तीसाठी दोन्ही बंद असतात. तारीख आधी जाहीर होते. त्या सुमारास जोडविमान असेल तर ती तारीख बघून घ्यावी.

प्रवासाचं ठरवायला गूगल फ्लाइट्सचा आकडा सर्वांत उपयोगी, कारण तो थांब्यासकट एकूण वेळ देतो, विमानतळ बदलावा लागत असेल तर सांगतो, आणि एखादं विमान वारंवार अर्ध्या तासाहून जास्त उशिरा येत असेल तर तीही सूचना देतो. विमानाचा प्रकार आणि पाय ठेवायची जागाही दिसते. अंतर मात्र तो दाखवत नाही.

वाचताना लोक चुकतात ते घड्याळात. निघण्याची आणि पोचण्याची वेळ त्या त्या गावची असते. समजा विमान मुंबईहून पहाटे २ ला निघालं आणि त्याच तारखेला सकाळी साडेसातला न्यूयॉर्कला लागलं. वरवर साडेपाच तास. जानेवारीत भारत न्यूयॉर्कच्या साडेदहा तास पुढे असतो, म्हणून खरा प्रवास सोळा तासांचा. तेच आकडे जुलैत दिसले तर फरक साडेनऊ तासांचा, आणि प्रवास पंधरा तासांचा. अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. युरोपात हाच बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. मधल्या काळात (मार्चमध्ये दोन-तीन आठवडे, नोव्हेंबरआधी एक) लंडनमार्गे जाणाऱ्याचा तोंडी हिशेब हमखास एका तासाने चुकतो. नैरोबीचं घड्याळ वर्षभर आपल्या अडीच तास मागे, तिथे ही भानगडच नाही. आणि वेळेपुढे ‘+१’ असा छोटा आकडा दिसला तर पोचण्याची तारीख दुसऱ्या दिवसाची. परतीच्या तिकिटावर तो असतोच. मुंबईत घ्यायला येणारे चुकीच्या रात्री टर्मिनल २ ला उभे राहतात ते यामुळेच.

दारापासून दारापर्यंतचा वेळ यांपैकी एकही साधन धरत नाही. अमेरिकेची विमानं मुंबईहून बहुधा रात्री उशिरा किंवा पहाटे सुटतात. टर्मिनल २ ला मेट्रो ३ चं स्टेशन आहे खरं, पण रात्री उशिरा मेट्रो नसते. तीन तास आधी पोचायचं आणि ठाणे किंवा वसईहून निघायचं, तर सोळाचे सहज एकवीस होतात.

कंपनी जे म्हणते ते प्रत्यक्षात घडतं का, हे पाहायला उरलेली दोन साधनं. उडती विमानं नकाशावर दाखवणाऱ्या फ्लाइटरडार२४ मध्ये तिकिटावरचा विमान क्रमांक टाकायचा; गेल्या सात दिवसांची यादी फुकट मिळते. त्यातला उड्डाणवेळ चाकं जमिनीवरून सुटल्यापासून टेकेपर्यंतचा असतो. ब्लॉक टाइमपेक्षा तो कमी दिसणारच, कारण दोन्हीकडचं रांगणं त्यात नाही. विमान लवकर आलं असं समजून खूश होऊ नका. वेळा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) दाखवल्या आहेत की स्थानिक, हे सेटिंगमध्ये आधी पाहून घ्या. यूटीसीत साडेपाच तास मिळवले की आपली वेळ. सात दिवसांतला सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वेळ लिहून काढा. त्यांत चाळीस-पन्नास मिनिटांचा फरक दिसला तर तो वाऱ्याचा आणि रोज बदलणाऱ्या वाटेचा. त्यात काही बिघडलेलं नाही. पुढच्या विमानासाठी थांबा किती हवा हे ठरवताना सरासरीकडे पाहू नका, त्या आठवड्यातला सर्वांत वाईट दिवस धरा.

फ्लाइटअवेअर एक गोष्ट अशी देतं जी बाकीचे देत नाहीत: विमानाने खरोखर कापलेलं अंतर आणि त्याच्या शेजारी सरळ अंतर. वळसा किती पडला हे एका नजरेत कळतं. आंतरराष्ट्रीय उड्डाणांत नियोजित अंतराचा रकाना कधी कधी रिकामा राहतो, पण असतो तेव्हा वरचा सगळा वाद एका ओळीत मिटवतो.

दोन्हींची मर्यादा समुद्रात दिसते. जमिनीवरचे रिसीव्हर विमानाचा सिग्नल साधारण चारशे किलोमीटरपर्यंत पकडतात. त्यापुढे उपग्रहाची मदत नसेल तर नकाशावरचं विमान अंदाजाने पुढे सरकवलेलं असतं. अरबी समुद्राच्या मध्यावर विमान अचानक गायब झालं, किंवा एकदम शंभर किलोमीटर पुढे उडी मारून दिसलं, तर घरच्यांनी घाबरून फोन फिरवू नयेत. आखाताच्या आसपास जीपीएसमध्ये मुद्दाम ढवळाढवळ होते, तेव्हा विमान नकाशावर वेड्यावाकड्या गिरक्या घेताना दिसतं. विमान सरळच जात असतं. चुकीची असते ती त्याने कळवलेली जागा. लंडन किंवा फ्रँकफर्टमार्गे जाणाऱ्यांना अटलांटिकवर आणखी एक गोष्ट दिसेल: विमानं एकामागे एक ठरावीक वाटांनी चालली आहेत. या वाटा रोज दोनदा नव्याने आखल्या जातात, दिवसा पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी जेट स्ट्रीम (वरच्या थरातला तो पश्चिमेकडून येणारा वेगवान वारा) टाळून आणि रात्री पूर्वेकडे येणाऱ्यांसाठी ती पाठीशी घेऊन. म्हणून कालचा वेळ आज तंतोतंत लागू पडत नाही.

पैसे भरून सभासद व्हावं का? फ्लाइटरडार२४ च्या सिल्व्हर योजनेत ९० दिवसांचा इतिहास मिळतो, गोल्डमध्ये ३६५ दिवसांचा. एका तिकिटापुरतं पाहणाऱ्याला सात दिवस पुरतात, फक्त ते प्रवासाच्या आधीचे सात दिवस हवेत. चार महिने आधी तिकीट काढताना पाहिलेल्या आठवड्याचा वारा वेगळा असतो. दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत जाणाऱ्यांना, किंवा कमी थांब्याचं जोडतिकीट काढणाऱ्यांना, गोल्ड महिनाभरासाठी घेऊन गेल्या हिवाळ्यातले तेच दोन महिने चाळून सभासदत्व बंद करणं परवडतं.